उजव्या विंगेतला शिवदेव

१९ फेब्रुवारी १९७८, रविवार

प्रॉम्प्टर! मला प्रॉम्प्टर केलं त्यांनी.

अख्खं नाटक मला पाठ आहे. आज इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये वाचन झालं, तेव्हा तिसऱ्या अंकातलं शिवदेवचं स्वप्नाचं भाषण मी पुस्तक मिटून म्हटलं. विनयाताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग नाटक बसवणारे देवस्थळी साहेब उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वा दत्तू, आवाज खणखणीत आहे हो! आणि पाठांतर तर काय विचारायलाच नको. प्रॉम्प्टर असाच हवा. नट अडला की याने उचललाच."

सगळे हसले. मीही हसलो. आता ते आठवून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मी का हसलो?

शिवदेव कोण करणार, तर शरद. नोकरीला लागून चार महिने झालेला इंजिनिअर, वडील गोरखपूरला बडे साहेब, गोरागोमटा. पहिलंच वाक्य त्याने वाचलं ते असं: "मी एक स्वप्न पाहिला." स्वप्न पाहिला! कोणी हसलं नाही.

लखनौतल्या मानक नगरच्या या रेल्वे कॉलनीत मराठी मंडळाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून १ मेला मोठं नाटक. आणि पंचवीस वर्षांत जी रीत कुठे लिहिलेली नाही पण कधी मोडलेली नाही ती अशी, की ऑफिसात जो जिथे, तो नाटकात तिथे. महाराज म्हणजे साहेब लोक. सरदार म्हणजे सेक्शनचे मुख्य. भालदार-चोपदार आमच्या क्वार्टरांतले. मधुकरकाका पंधरा वर्षं भाला धरून उभे आहेत, एकच वाक्य घेऊन: "जी महाराज." त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, हे बघून मला जास्त चीड येते.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. पडद्यामागं राहा. साहेब माझा सी. आर. लिहितात." सी. आर. म्हणजे वर्षाचा गुप्त शेरा. त्यावर सगळं अडलेलं असतं. बाबा ड्रॉइंग सेक्शनमध्ये ट्रेसर. दुसऱ्याने काढलेल्या रेघेवर शाईची रेघ ओढायची, एकोणीस वर्षं. अशा माणसाकडून दुसरं काय ऐकणार?

पण मी प्रॉम्प्टर व्हायला हो म्हणालो. का, ते लिहून टाकतो, ही वही कोणी वाचत नाही. शिवदेवच्या बायकोचं, रेणुकेचं काम लतिका करणार आहे. साहेबांची मुलगी.

२६ फेब्रुवारी

आज साहेबांनी नाटक "समजावून" सांगितलं. पुस्तक इतकं जुनं की पुढची पानं गेलेली, नाटकाचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. मंडळात त्याला नुसतं "किल्लेदार" म्हणतात.

गोष्ट अशी. शिवदेव हा घोड्यांच्या मोतद्दाराचा मुलगा. पराक्रम करून किल्लेदार होतो. मग त्याला तीनदा एकच स्वप्न पडतं: तो गादीवर बसलाय आणि सगळा दरबार माना खाली घालून उभा आहे. बायको म्हणते, तोंड धुवा आणि विसरा. तो विसरत नाही. किल्ल्याला वेढा पडतो तेव्हा तो शत्रूशी सौदा करून पहाटे दरवाजा उघडतो आणि गादी मिळवतो. शेवटच्या प्रवेशात तो गादीवर बसतो. दरबार माना खाली घालून उभा. स्वप्नातल्यासारखाच, अगदी तसाच. पण कोणी मान वर करत नाही. बायकोसुद्धा. तो ओरडतो, "वर बघा. कोणीतरी वर बघा." कोणीच बघत नाही. मग कट्यार काढतो आणि शेवटचं वाक्य म्हणून मरतो: "पायरी विसरलो, तिथेच मेलो."

हे वाक्य म्हणताना साहेबांनी डोळे मिटले होते. म्हणाले, "शोकांतिकेचा नियमच आहे. नायक थोर असतो, आणि त्याच्यात एकच दोष असतो. याचा दोष महत्त्वाकांक्षा. स्वप्न पडलं तिथे हा थांबला असता तर सुखात म्हातारा झाला असता."

माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "साहेब, गादीचं स्वप्न युवराजालाही पडत असेल की. त्याच्या स्वप्नाला कोणी दोष म्हणत नाही. त्याला वारसा म्हणतात."

साहेब हसले. "अरे वा, प्रॉम्प्टर बोलायला लागला! प्रॉम्प्टरने हळू बोलायचं असतं, दत्तू."

पुन्हा सगळे हसले. लतिका नाही हसली. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. तिला माझं म्हणणं पटलं होतं, मी शपथेवर सांगतो.

दरवाजा उघडला हा गुन्हा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण साहेब दरवाजाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांना राग स्वप्नाचाच.

५ मार्च

प्रॉम्प्टरचं स्टूल उजव्या विंगेत. तिथून रंगमंच आडवा दिसतो, माणसं अर्धी दिसतात. शरदची एन्ट्री उजवीकडूनच, त्यामुळे तो तासन्‌तास माझ्या पाठीशी उभा राहून वेलची चघळतो आणि माझ्या मानेवर श्वास सोडतो. हलत नाही. "यार दत्तू, अगली लाइन क्या है?" अरे, ती ओळ तुझी आहे!

पण एक झालं. रेणुकेच्या लांब स्वगतात लतिकाने मान वळवून सरळ विंगेत बघितलं. माझ्याकडे. वाक्य अडलं नव्हतं, सगळं पाठ होतं तिला. तरी बघितलं. एकदा नव्हे, अकरा वेळा. मी मोजलं.

आणि दुसरी गोष्ट, शिवदेवबद्दल. आज मला कळलं तो कुठे फसला. स्वप्नात त्याला माना दिसल्या, चेहरे दिसलेच नव्हते. एवढा हुशार माणूस, किल्ला सांभाळणारा, पण स्वप्नात काय दिसलं नाही हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. जे हवं तेवढंच बघून उठला. मूर्ख!

अकरा वेळा.

१२ मार्च

साहेबांनीच सांगितलं, लतिकाचा ळ सुधारून दे. लखनौत वाढलेल्या पोरी, ळ म्हणजे ल. म्हणून बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, पुढे डेलियाची फुलं.

"म्हणा, काळजातली कळ."

"कालजातली कल."

"जीभ मागे घ्या. काळ-जा-तली."

"दत्तू, यार, ये ळ मुझसे इस जनम में नहीं होगा." आणि खळखळून हसली. मग म्हणाली, "तुम इतना ग़ुस्सा करके क्यों सिखाते हो?"

मी रागावलो नव्हतो. माझा चेहराच असा आहे.

पद्माकाकू, म्हणजे तिची आई, दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन कुंड्या बघून जात होत्या. एवढं काय असतं कुंड्यांत? तासाभराने शरद आला, स्कूटरवरून. म्हणाला इधर से जा रहा था. कानपूर रोडवरून ऑफिसला जाणारा माणूस रविवारी या बाजूने कुठे चालला होता, देव जाणे. लतिका म्हणाली, आज इतना काफ़ी है. मी निघालो. आपला वेळ दुसऱ्यासमोर वाया जाऊ नये असं वाटलं असणार तिला.

२५ मार्च, होळी

लतिकाने माझ्या दोन्ही गालांना गुलाल लावला! मधुकरकाकांनाही लावला, विनयाताईंनाही, ते राहू दे. तिच्या हातांना आधीच गडद निळा रंग होता, कोपरापर्यंत. शरदच्या कुडत्यावरही तोच निळा, पाठीवर दोन पंजे उमटलेले. कोणीतरी त्याला चांगलंच बडवलं वाटतं. बरं झालं.

आईने तोंड धुवायला लावलं. मी गालांपुरतं पाणी चुकवलं. आई म्हणाली, "काऊन रे, अर्धंच तोंड धुतं का कोणी?"

बाबांनी पुन्हा कॉलेजचा विषय काढला. जुलैत ॲडमिशन परत मिळते म्हणे, अर्ज करावा लागतो. मी ताटावरून उठलो. डिसेंबरात प्रॅक्टिकलच्या वहीवर सही करताना तो डेमॉन्स्ट्रेटर जे बोलला, कोट्यातून येणाऱ्यांबद्दल, ते बाबांनी ऐकलेलं नाही. मी त्याला एक ठेवून दिली आणि वही फाडली, तिथेच कॉलेज संपलं. अर्ज कोणाला करायचा, त्यालाच? एका चपराकीसाठी मी कधी माफी मागणार नाही. फक्त एवढंच खटकतं, की फाडलेली वही माझी होती.

२ एप्रिल

अमीनाबादला कपडे ठरवायला गेलो. रामलीलेचे कपडे भाड्याने देणारं दुकान. मालक म्हणाला, "मराठा राजा का ताज तो नहीं है भैया. रावण का है. ले जाइए, किसे पता चलेगा." शरदने दहाही डोक्यांचा मागितला, मस्करीत. सगळे खो खो. मी तो मुकुट हातात घेऊन बघत होतो. आतून पुठ्ठा, घामाने काळा पडलेला. कोणी बघत नाही असं पाहून डोक्यावर ठेवला. मोठा होतो. शरदला बरोबर बसला.

९ एप्रिल

शरदला कावीळ!

डोळे हळदीसारखे झालेत. डॉक्टर म्हणाले महिनाभर अंथरूण. तालीम थांबली. वीस-बावीस दिवस राहिले. सगळं नाटक कोणाला पाठ आहे? सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब छताच्या पंख्याकडे बघत राहिले. शेवटी मधुकरकाका भाल्याचा बांबू टेकवत म्हणाले, "साहेब, दत्तू आहे ना."

साहेब म्हणाले, "बघू."

एखादा माणूस आजारी पडल्याचा आनंद होणं वाईट आहे. मला झाला. खूप झाला. घरी सायकल मारत येताना मी मोठमोठ्याने स्वप्नाचं भाषण म्हणत होतो, आलमबागेतले रिक्षावाले बघत होते.

१४ एप्रिल

मी शिवदेव आहे. काल साहेबांनी सांगितलं. "नाइलाजच आहे," असं म्हणाले, पण सांगितलं.

पहिली तालीम नेमकी आज ठेवली, सुट्टी म्हणून. आज जयंती. बाबा सकाळी पांढरा सदरा घालून बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून निघाले. सरोजिनी नगरात आपल्या लोकांचा कार्यक्रम होता. दरवर्षी तिथे बाबा दहा मिनिटं बोलतात. वर्षातून एकदाच बोलतात. मी म्हटलं, "मला तालीम आहे."

बाबा चपला घालत राहिले. आई बोलली. "आजच्या दिशी? जयंतीले सोडून त्यायच्या नाटकात? कोन बनते रे तू तिथं?"

"राजा," मी म्हणालो.

"हं. राजा," आई म्हणाली आणि टिफिन घेऊन बाबांच्या मागे गेली.

माझं चुकलं नाही. बाबासाहेबांनी तरी घरात बसा असं कुठे सांगितलं होतं? पुढे जा असंच सांगितलं. मी पुढे गेलो.

लतिका आली नव्हती. सर्दी म्हणे.

१६ एप्रिल

लतिका नाटकात नाही.

साहेबांनी तालमीच्या सुरुवातीलाच सांगितलं, कागद वाचल्यासारखं: "लतिकेची बी. ए.ची परीक्षा जवळ आलीय, तेव्हा रेणुका विनयाताई करतील." परीक्षा! परीक्षा काय आज जन्माला आली? दोन महिने परीक्षा नव्हती. शरद शिवदेव होता तोवर परीक्षा नव्हती. मी शिवदेव झालो आणि दोन दिवसांत परीक्षा आली!

विनयाताई बिचाऱ्या चौतीस वर्षांच्या, दोन मुलांची आई, अकाउंट्समधल्या क्लार्कची बायको. त्यांना धड वर बघवेना. "मी करते रे, जमेल तसं," म्हणाल्या. मी इतकंच म्हणालो, "तुमचं काही नाही, ताई." मग हॉलच्या मागे जाऊन कडुनिंबाला बुक्का मारला. हाताचं सालटं निघालं.

तिला का काढलं ते सगळ्या हॉलला माहीत होतं. नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा एक प्रसंग आहे दुसऱ्या अंकात. तो हात कोणाचा, एवढाच प्रश्न होता. आणि एकानेही, एकानेही तोंड उघडलं नाही.

१७ एप्रिल

बाबा म्हणाले, सोड ते नाटक. म्हणून सोडणार नाही.

२३ एप्रिल

आज भाषण असं झालं की विनयाताई स्वतःचं वाक्य विसरल्या. प्रॉम्प्टिंगला आता साहेब स्वतः बसतात, माझ्या स्टुलावर, कारण दुसऱ्या कोणाला पुस्तक येत नाही. मला एकदाही प्रॉम्प्ट लागला नाही. तरी शेवटच्या वाक्याला ते हटकून माझ्याबरोबर पुटपुटतात: "पायरी विसरलो, तिथेच मेलो." पुन्हा म्हणायला लावतात. "अजून खालून यायला हवं, दत्तू. पश्चात्ताप दिसू दे. माणसाला कळून चुकलंय." सात वेळा म्हणवलं.

ज्याने नाटक लिहिलं त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला वाटतं, शिवदेव मेला तो पायरी विसरल्याने नाही. गादीवर बसल्यावरही मोतद्दाराचा पोरगाच राहिला, लोकांच्या नजरेची भीक मागत. कोणीतरी वर बघा म्हणे! नाही बघत तर नका बघू. गेलात उडत.

असं म्हणतो, पण लतिका बघायला येईल का, हाच विचार दिवसभर.

१ मे

आता काही लिहवत नाही. उद्या.

२ मे

सगळं क्रमाने लिहितो. नाहीतर लोक सांगतील तेच खरं होईल.

हॉल भरलेला होता. उकाड्याने माणसं प्रोग्रॅमच्या कागदाने वारा घेत होती. पहिल्या रांगेत साहेब लोक. बाबा आणि आई शेवटून दुसऱ्या रांगेत, भिंतीकडेला. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. मुकुटात आईचा जुना रुमाल कोंबला तेव्हा कुठे तो डोक्यावर टिकला.

स्वप्नाच्या भाषणाला टाळ्या पडल्या. मंडळात इतक्या टाळ्या कधी पडल्या नाहीत, हे मधुकरकाकांनी विंगेत सांगितलं. पंधरा वर्षांचा हिशेब त्यांच्याकडे आहे. मी हवेत होतो.

चौथ्या अंकात लतिका दिसली. पहिल्या रांगेत, कडेला. शेजारी शरद, मे महिन्यात शाल पांघरून, पिवळाफिक्का. ती नाटक बघत नव्हती. मान वळवून त्याच्याकडे बघत होती. डबीतून वेलची काढून तिने त्याच्या हातावर ठेवली आणि बघतच राहिली. ती नजर मी ओळखतो. पाच रविवार मी ती मोजली आहे. विंगेत माझ्या मागे कोण उभं असायचं?

मी वाक्य विसरलो नाही. एकही शब्द चुकलो नाही. बोलत राहिलो आणि आतून सगळं जळत गेलं.

शेवटचा प्रवेश. मी गादीवर. दरबार माना खाली घालून उभा. विनयाताई हनुवटी छातीला लावून. मी ओरडलो, "वर बघा! कोणीतरी वर बघा!" आवाज छताच्या पत्र्याला लागून परत आला. आणि मधुकरकाकांनी वर बघितलं.

पुस्तकात नाही ते! कोणीच बघायचं नसतं, सगळा प्रवेश त्यावर उभा आहे. म्हातारा पंधरा वर्षांत एकदा चुकला तो नेमका काल. भाला धरून सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता, डोळे भरलेले. कट्यार हातात, वाक्य तोंडाशी, आणि ते बाहेर येईना.

विंगेतून साहेब: "पायरी विसरलो."

मी गप्प.

"पायरी विसरलो, तिथेच मेलो. म्हण."

मी गप्प. पुढच्या रांगांना ऐकू जायला लागलं.

"अरे, पायरी विसरलो म्हण! पायरी विसरलो!"

मागून कुठलं तरी पोरगं किंचाळलं, "पायरी विसरलो!" आणि हॉलमध्ये हशा फुटला. साहेब अर्धे विंगेतून बाहेर आलेले, हातात पुस्तक, लाल झालेले. मी मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि त्यांच्याकडे बघून, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "साहेब, विसरलो नाही मी. म्हणणार नाही."

शिवदेव मेला नाही. पडदा पाडावा लागला.

४ मे

दुधाच्या बूथवर लतिका भेटली. रांगेतून ओढून बाजूला नेलं मला.

"पापा का तमाशा बना दिया तुमने. पूरी कॉलनी के सामने."

मी म्हटलं, "आणि त्यांनी तुला नाटकातून काढलं ते काय होतं? मी शिवदेव झालो म्हणून काढलं ना?"

ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, खरं बोलली, तेवढं तिचं मानायला हवं: "पापा ने नहीं निकाला. मम्मी ने कहा था, पति-पत्नी का रोल है, दत्तू के साथ लोग बातें बनाएँगे. तो मैंने कहा, ठीक है."

"ठीक है?"

"हाँ. मुझे तो वैसे भी शरद के साथ ही करना था." आणि मग, "दत्तू, तुम अच्छे लड़के हो. पर तुम हर बात में…" वाक्य सोडून दिलं. तिचा नंबर आला.

साहेबांनी तिला कोंडून ठेवलं असतं, तिने रडून गोंधळ घातला असता, तर मी उभ्या जन्मात काय काय केलं असतं! इथे कोणी कोणाला कोंडलं नाही. ठीक है. रंग बदललेली सब्जी परत करावी तसं, ठीक है. हे दोन शब्द मला डेमॉन्स्ट्रेटरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले, आणि यांना चपराक कुठे मारायची तेही कळत नाही.

दूध न घेताच घरी आलो. आईने शिव्या घातल्या.

७ मे, रविवार

आज जे झालं त्याने माझं डोकं भणभणतंय.

सकाळी बाबांनी जयंतीचा पांढरा सदरा घातला, बूट पुसले आणि म्हणाले, "चल." साहेबांनी ऑफिसात निरोप दिला होता: मुलाला घेऊन घरी या. मी म्हटलं, माफी मागणार नाही. बाबा म्हणाले, "कोण म्हणते मांग म्हणून? चल फक्त." सायकल घेतली नाही. भर अकराच्या उन्हात, लू सुटलेली असताना, चालत नेलं मला.

व्हरांड्यात साहेब बसलेले. पद्माकाकू दारात. लतिका आत कुठेतरी. बाबांना बसा म्हणाले नाहीत. बाबा उभे. मी उभा.

"दादाराव," साहेब म्हणाले, "एकोणीस वर्षांत तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण मुलाला समज द्या. मला सगळ्यांसमोर... नाटक ही पवित्र गोष्ट आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "साहेब, तुमचं नाटक बिघडलं त्याचं मले वाईट वाटते. पोराले समज आहे. राग जास्त आहे. तो कमी करणं माझ्याच्यानं नाही झालं."

संपलं! एवढंच! मी वाट बघत होतो, आता बोलतील. लतिकाला का काढलं विचारतील, मधुकरकाकांच्या पंधरा वर्षांचं विचारतील, जयंतीला दहा मिनिटं बोलतात तसे बोलतील. काही नाही. रुमालाने मान पुसली. मग बाबा शेजारच्या वेताच्या खुर्चीवर बसले आणि पद्माकाकूंकडे बघून म्हणाले, "वहिनी, ऊन फार आहे. थोडं पाणी द्या."

पाणी! भांडायला गेलेला माणूस पाणी मागतो!

पद्माकाकू जागच्या हलेनात. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी साहेबांकडे. शेवटी लतिकाच ट्रेमधून काचेचा ग्लास घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. बाबांनी ग्लास घेतला, ओठांना लावला आणि सावकाश, अगदी सावकाश, घोट घोट करत पूर्ण संपवला. ट्रेवर ठेवला. "येतो साहेब," म्हणाले आणि निघाले. सी. आर.चं नाव नाही, काही नाही.

घरात शिरल्या शिरल्या आईसमोर सगळं ओकलो. म्हटलं, "माझ्यासाठी एक शब्द बोलले नाहीत तुझे मालक. पाणी मागत बसले. भिकाऱ्यासारखं!"

आई पोळ्या लाटत होती. हात थांबला.

"मांगलं? त्यायनं? तोंडानं?"

"हो, तोंडानं!"

"आन् देलं?"

"मग काय नाही देणार?"

"गिलासात? त्यायच्या?" आणि मग विचारते, "वरून पेले का तोंड लावून?"

"तोंड लावून! हे काय विचारणं झालं, आई? मी काय सांगतोय आणि तू..."

तिने स्टोव्ह बंद केला. तवा तसाच. पिठाच्या हातांनी बाहेरच्या खोलीत गेली. बाबा खाटेवर बसून बुटाची नाडी सोडत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबांनी वर बघितलं.

"थंड होतं," बाबा म्हणाले. "फ्रिजचं."

आणि दोघं हसायला लागले. आईला तर हसता हसता खाली बसावं लागलं, डोळे पुसत, कपाळाला पीठ फासून. मी दारात उभा. यात हसण्यासारखं काय आहे, मला कोणी सांगेल? इथे माझं सगळं गेलं, आणि ही दोन म्हातारी माणसं एक ग्लास पाण्यावर हसताहेत.